केडगावचे बायबल आणि भाचीचा प्रश्न

गेल्या रमजानमधली गोष्ट. कासुर्डीला आपाच्या घरी इफ्तार आणि मगरिब आटोपून आम्ही ओट्यावर बसलो होतो. भाची कुरआनचा मराठी तर्जुमा घेऊन आली. ती कॉलेजात शिकते, रोज थोडे थोडे वाचते. तिने सूरह बकरातला तलाकचा भाग दाखवला आणि विचारले, “मामू, इथं तर सगळं टप्प्याटप्प्यानं करायला सांगितलंय. मग एका दमात तीनदा म्हटलं की संपलं, असं आपल्यात इतकी वर्षं कसं काय चाललं?”

मला उत्तर अगदीच येत नव्हते असे नाही. पण शेजारी बसलेल्या वडीलधाऱ्यांकडे पाहून मी म्हणालो, “नुसता तर्जुमा वाचून मसले काढायचे नसतात, बेटा. आलिमांना विचारायचं.” तिने मान डोलावली, पुस्तक मिटले आणि ती आत गेली. पुढे महिनाभर तिने माझ्याकडे तो विषय काढला नाही.

हा लेख त्या संध्याकाळमुळे लिहितो आहे, पण तो आहे ख्रिस्ती धर्माच्या इतिहासावर. कारण ग्रंथ मोठा की परंपरा, आणि ग्रंथाचा अर्थ सांगण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद आमच्या गावापासून काही कोसांवर एका बाईने आयुष्यभर लढवला होता. कासुर्डीहून सोलापूर रस्त्याने यवत मागे टाकले की चौफुला लागतो. तिथून डावीकडे वळले की उसाच्या मळ्यांतून, गुऱ्हाळांच्या वासातून रस्ता केडगावला जातो. तिथेच पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. लहानपणापासून या रस्त्याने शंभरदा गेलो असेन. पण रमाबाई म्हणजे अनाथ, विधवा मुलींना आसरा देणारी बाई, एवढेच डोक्यात होते. त्यांचा पत्रव्यवहार हाती आला तेव्हा वेगळ्याच रमाबाई दिसल्या.

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा विरोध पत्करून आधी बायकोला आणि मग मुलीलाही संस्कृत शिकवले. १८७४च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई भावाबरोबर पायी हिंडत कलकत्त्याला पोचल्या आणि १८७८मध्ये तिथल्या पंडितांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. १८८०मध्ये लग्न झाले, १८८२मध्ये पती वारले. पदरी लहानगी मनोरमा. त्याच वर्षी त्या पुण्यात आल्या. धर्मशास्त्रे मुळातून वाचलेली असल्यामुळे बाईविषयी त्यांत काय लिहिले आहे हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. ग्रंथ दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे आणि आपण उघडून वाचणे यातला फरक त्या तिथेच शिकल्या.

१८८३मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. पुण्यात काम करणाऱ्या अँग्लिकन जोगिणींचा मूळ मठ वाँटेज या गावी होता. तिथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात यावर केवढा गहजब झाला ते सर्वांना माहीत आहे. त्यानंतर मठात काय घडले ते फारसे कोणी सांगत नाही.

ते समजायला इंग्लंडच्या चर्चची घडण थोडी पाहावी लागते. मार्टिन लूथरने १५१७मध्ये जर्मनीत रोमच्या पोपविरुद्ध आवाज उठवला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की श्रद्धेच्या बाबतीत शेवटचा शब्द बायबलचा; पोप आणि परिषदा चुकू शकतात. यातून प्रॉटेस्टंट पंथ निघाले. इंग्लंडचे चर्चही सोळाव्या शतकात रोमपासून तुटले, पण त्याने बिशप ठेवले, प्रार्थनेचा जुना साचा ठेवला. त्याच्या १५७१च्या एकोणचाळीस कलमांत सहावे कलम सांगते, की तारणासाठी आवश्यक ते सगळे बायबलात आहे. आठवे कलम सांगते, की तीन जुने मतांगीकारही मानावेत, कारण ते बायबलावरून सिद्ध होतात. मतांगीकार म्हणजे श्रद्धेचा ठरीव जाहीरनामा. आपल्या ईमान-ए-मुफस्सलसारखा समजा. एकोणिसाव्या शतकात याच चर्चमध्ये ‘हाय चर्च’ नावाचा प्रवाह जोर धरून होता. त्याचा भर बिशपांच्या अखंड साखळीवर आणि पहिल्या शतकांतल्या धर्मगुरूंवर. येशूच्या शिष्यांनी बिशप नेमले, त्यांनी पुढचे नेमले, असा तो सिलसिला. आपल्याकडे हदीसला सनद लागते, तशी त्यांच्याकडे बिशपला लागते. वाँटेजचा मठ याच प्रवाहातला.

रमाबाईंची तिथली गुरू सिस्टर जेराल्डीन. दोघींचा एकमेकींवर जीव होता, आणि तरी दोघी पत्रांतून कडाकडा भांडल्या. वाद पेटला तो मुख्यतः १८८५मध्ये, तेव्हा रमाबाई सत्तावीस वर्षांच्या होत्या. त्यांचा मुद्दा असा: मी बायबलवर विश्वास ठेवून बाप्तिस्मा घेतला. आता तुम्ही म्हणता त्रैक्याचा सिद्धांत अथनेशियसच्या मतांगीकारात लिहिला आहे तसाच्या तसा मान. तो बायबलात कुठे आहे ते मला दाखवा. सिस्टरचे उत्तर असे, की नवी दीक्षा घेतलेल्या माणसाने चर्चपुढे नम्र व्हावे. शतकानुशतके संत आणि विद्वानांनी जे जपले ते एकटीच्या बुद्धीने तोलू नये. यावर रमाबाईंनी जे लिहिले त्याचा मतितार्थ असा, की इथल्या पुरोहितांचे जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवले आहे. आता तसलेच दुसरे जू मी घेणार नाही.

वाद सिद्धांतापुरता नव्हता. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी विचारले, लॅटिनच का? अक्षरे हवीतच तर माझ्या देशाच्या संस्कृतात असू द्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकत असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न आला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी मोडता घातला. हिंदुस्थानात त्यामुळे त्यांचे नाव खराब होईल, असे त्यांचे म्हणणे. कलकत्त्याच्या पंडितसभेत उभी राहिलेली ही बाई! तिला ते कसे पटावे?

हा पत्रव्यवहार सिस्टर जेराल्डीन यांनीच जपून ठेवला. तो अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली १९७७मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने इंग्रजीत छापला. जिच्याशी भांडलो तिची पत्रे जपणे, यालाही मोठे मन लागते.

मी प्रथम हे वाचले तेव्हा, खरे सांगतो, मला आनंद झाला. त्रैक्यावर शंका घेणारी बाई म्हणजे आपल्याच बाजूची, असे वाटले. आपल्यापैकी बऱ्याच जणांना तसेच वाटेल. पण ते खरे नाही. रमाबाईंच्या शंका पुढे मिटल्या. येशूच्या देवत्वावर त्यांची श्रद्धा पक्की झाली आणि त्या मरेपर्यंत निष्ठावान ख्रिस्ती राहिल्या. बदलली नाही ती एकच गोष्ट: माझ्या आणि ग्रंथाच्या मध्ये कोणी द्वारपाल नको.

आता दुसरी बाजू, कारण तीही कमजोर नाही. सिस्टर जेराल्डीनच्या म्हणण्यात एक पेच दडला होता, जो प्रॉटेस्टंटांना आजही विचारला जातो. बायबल हा एक ग्रंथ नाही, तो अनेक पुस्तकांचा संग्रह आहे. त्यात कोणती पुस्तके घ्यायची याची यादी बायबलच्या आत कुठेच नाही. मग ती ठरवली कोणी?

इथे आपल्या वाझमध्ये वारंवार ऐकू येणारी एक गोष्ट दुरुस्त करायला हवी. ‘निकायाच्या परिषदेत बादशहाने मतदान घेऊन चार इंजिले ठेवली आणि बाकीची जाळली,’ असे मी लहानपणापासून ऐकत आलो, एकदोनदा दुसऱ्यांना सांगितलेही. ते चूक आहे. ३२५ मध्ये बादशहा कॉन्स्टंटाइनने आजच्या तुर्कस्तानातल्या निकायात बिशपांची परिषद बोलावली हे खरे. पण तिथला मुख्य वाद अरियसच्या मतावर होता: पुत्र हा पित्याने निर्माण केलेला, की पित्याच्याच तत्त्वाचा? परिषदेने अरियसविरुद्ध निकाल दिला. पुस्तकांच्या यादीचा निर्णय तिथे झालाच नाही. तसेच आपल्याकडे हौसेने वाचली जाणारी ‘बर्नबासची इंजील’. तिची मिळालेली हस्तलिखिते इटालियन आणि स्पॅनिश भाषेतली, येशूनंतर दीड हजार वर्षांच्या आसपासची. तिच्या आधाराने ख्रिस्ती माणसाशी वाद घालणे म्हणजे आपलीच बाजू दुबळी करणे.

खरी हकीकत संथ आहे. पहिल्या काही शतकांत गावोगावच्या मंडळ्या निरनिराळी पुस्तके वाचत. चार शुभवर्तमाने आणि पौलाची बहुतेक पत्रे लवकर सर्वमान्य झाली. काहींवर घोळ राहिला. चौथ्या शतकाच्या आरंभी सीझरियाचा बिशप युसेबियस आपल्या इतिहासात सरळ ‘वादग्रस्त’ असा गट करतो आणि त्यात याकोब, यहूदा, पेत्राचे दुसरे पत्र, योहानाची दुसरी-तिसरी पत्रे घालतो. सिनाई पर्वताच्या मठात सापडलेल्या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितात ‘बर्नबासचे पत्र’ आणि ‘हर्मासचा मेंढपाळ’ हीही पुस्तके आहेत, जी आजच्या बायबलात नाहीत. (हे पत्र वेगळे, वर सांगितलेली इंजील वेगळी.) आजच्या नव्या करारातली नेमकी सत्तावीस पुस्तके एका यादीत प्रथम दिसतात ती ३६७ मध्ये, अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याच्या पत्रात.

म्हणजे गंमत पाहा. ज्याच्या नावाचा मतांगीकार रमाबाईंना पटत नव्हता, त्याच माणसाने त्यांच्या हातातल्या नव्या कराराची यादी दिली होती. आणि तो मतांगीकार तर अथनेशियसचा नव्हेच! तो त्याच्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लॅटिनमध्ये रचला गेला, असे अभ्यासक मानतात. परंपरा नाव देते तेही नेहमी खरे नसते.

जुन्या कराराचा वाद तर अजून मिटलेला नाही. वसईच्या कॅथलिक घरातले बायबल उघडा, त्र्याहत्तर पुस्तके मिळतील. अहमदनगरच्या प्रॉटेस्टंट घरातले उघडा, सहासष्ट. यहुद्यांच्या हिब्रू ग्रंथात नसलेली सात पुस्तके प्रॉटेस्टंटांनी बाजूला काढली. कॅथलिकांनी १५४६मध्ये ट्रेंटच्या परिषदेत ती पक्की केली. खुद्द लूथरने आपल्या १५२२च्या जर्मन नव्या करारात याकोबाचे पत्र आणि प्रकटीकरणासह चार पुस्तके शेवटी ढकलली, कारण त्यांच्याविषयी त्याचे मन साशंक होते. ‘फक्त ग्रंथ’ म्हणणाऱ्यालाही आधी कोणता ग्रंथ हे ठरवावे लागले.

प्रॉटेस्टंट यावर जे उत्तर देतात ते ऐकण्यासारखे आहे. सोनाराने कसोटीवर घासले म्हणून पितळेचे सोने होत नाही. ते आधीच सोने होते, सोनाराने फक्त ओळखले. तसे चर्चने पुस्तकांना अधिकार दिला नाही, त्यांच्यातला अधिकार ओळखला. कॅथलिक विचारतो, ठीक, पण सोनार नसता तर तुला कळले असते का? चार-पाचशे वर्षे हा संवाद चालू आहे आणि दोन्हीकडे प्रामाणिक माणसे आहेत. आपल्या मराठी मुलखातही होती. काशीत वाढलेले चित्पावन नीळकंठशास्त्री गोरे १८४८मध्ये ख्रिस्ती झाले, पुढे फादर नेहेम्या गोरे म्हणून त्याच हाय चर्च प्रवाहात गेले. रमाबाईंच्या ख्रिस्ती होण्यात त्यांच्या लिखाणाचा वाटा होता. दोघेही शास्त्री घराण्यातले, दोघांनी एकच धर्म घेतला. एकाला प्राचीन चर्चच्या साखळीत आधार सापडला, दुसरीला त्याच साखळीत बेडी दिसली.

रमाबाईंना आपल्या मार्गातली अडचण दिसत नव्हती असेही नाही. १९०७मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्या सांगतात, की इंग्लंड-अमेरिकेत त्यांना कितीतरी पंथ भेटले: हाय चर्च, लो चर्च, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन, क्वेकर, युनिटेरियन. प्रत्येक जण बायबलच पुढे करत होता आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. तो गलबला पाहून त्या गोंधळून गेल्या होत्या.

मग त्यांनी काय केले? परत चर्चच्या अधिकाराखाली गेल्या नाहीत, आणि ‘मला वाटेल तो अर्थ’ असेही म्हटले नाही. त्या मूळ भाषांकडे गेल्या. १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झाले, ते पुढच्या वर्षी पुण्याला आले. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो मुली-बायका आणल्या आणि केडगावला आधी घेतलेल्या शेतजमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. या एवढ्या पसाऱ्यात, पन्नाशीकडे झुकताना, त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर करायला बसल्या.

मराठीत बायबल नव्हते असे नाही. विल्यम कॅरीने श्रीरामपूरहून १८११मध्येच नवा करार मोडीत छापला होता, अमेरिकन मिशनऱ्यांनी १८२६मध्ये मुंबईत छापला, १८४७पर्यंत संपूर्ण बायबल झाले. पण रमाबाईंचे म्हणणे असे, की या भाषांतरांची मराठी संस्कृताने जड झालेली आहे. खेड्यातल्या बाईला ती कळत नाही, आणि कळते तिथे शब्दाबरोबर जुन्या धर्मकल्पनाही येतात. संस्कृतची पंडिता संस्कृत शब्द गाळत बसली, कारण पुढे वाचणारी बाई दुष्काळातून आलेली होती. त्यांच्याजवळ मुक्तीचाच छापखाना होता. खिळे जुळवणे, छापणे, बांधणी, सगळे तिथल्या बायका-मुलीच करत. दीडेक तपाहून अधिक काळ हे काम चालले. मनोरमा १९२१मध्ये गेली, ५ एप्रिल १९२२ला रमाबाई गेल्या. बायबल बाहेर पडले १९२४मध्ये.

मी जेव्हा त्या भाषांतराचा विचार करतो तेव्हा मला दोन्ही बाजू त्यात दिसतात. ‘ग्रंथ आणि मी, मध्ये कोणी नको’ म्हणणाऱ्या रमाबाई स्वतःच मध्ये उभ्या राहिल्या. प्रत्येक शब्द निवडताना त्यांनी अर्थ लावला. हिब्रूचे व्याकरण त्यांना पिढ्यान् पिढ्यांच्या यहुदी आणि ख्रिस्ती अभ्यासकांकडून मिळाले. त्यांच्या नंतर ते पुस्तक मुक्तीच्या बायकांनी हातोहात पुढे नेले. परंपरा दुसरी काय असते? फरक एवढाच, की सिस्टर जेराल्डीनची परंपरा म्हणत होती, आधी मान मग वाच. केडगावची परंपरा म्हणत होती, हे घे, वाच, आणि वाचता येत नसेल तर मी शिकवते.

आता आमच्या ओट्याकडे येतो.

आपल्याकडेही हाच पेच आहे. कुरआन मजीद नमाज कायम करायला सांगते. रकाती किती हे हदीस आणि उम्मतच्या अमलातून कळते. खुद्द मुसहफ आपल्यापर्यंत माणसांच्या हातून आला. यमामाच्या लढाईत अनेक हाफिज शहीद झाल्यावर हजरत अबू बक्र (रजि.) यांनी जैद बिन साबित (रजि.) यांना सगळे एकत्र करायला सांगितले. ती पाने पुढे हजरत उमर (रजि.) यांच्याकडे आणि त्यांच्यानंतर त्यांची मुलगी हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे राहिली. हजरत उस्मान (रजि.) यांनी प्रती काढायला ठरवले तेव्हा ती पाने मागवली गेली हफ्सांकडून. उम्मतची अमानत एका बाईच्या घरात होती. सहीह बुखारीत हे आहे, नवीन काही नाही. तरी भाचीला ‘आलिमांना विचार’ म्हणताना मला ते आठवले नाही.

आणि तिच्या प्रश्नाचे उत्तर? ते परंपरेतच होते. चारही मजहबांतल्या बहुतेकांनी एका बैठकीतले तीन तलाक तीनच धरले, हे खरे. पण सहीह मुस्लिममध्ये हजरत इब्न अब्बास (रजि.) यांची रिवायत आहे, की प्रेषित (सल्ल.), हजरत अबू बक्र आणि हजरत उमर यांच्या पहिल्या दोन वर्षांपर्यंत असे तीन एकच धरले जात. इब्न तैमिया यांनी तेच मत घेतले, अहले हदीसही तेच मानतात. सुप्रीम कोर्टाने २२ ऑगस्ट २०१७ला शायरा बानो खटल्यात एकतर्फी तिहेरी तलाक रद्द केला, त्याच्या कितीतरी आधी हा मतभेद आपल्याच किताबांत लिहिलेला होता. ज्या बायकांची घरे त्या तीन शब्दांनी मोडली त्यांना तो कोणी वाचून दाखवला नाही. आपण परंपरा म्हणतो तेव्हा बहुधा तिचे एकच पान दाखवतो आणि बाकीची मिटून ठेवतो.

उस्ताद नको असे मी म्हणत नाही. अरबी न येता, तफसीर न पाहता एका तर्जुम्यावरून फतवे काढणारे मोबाइलवर रोज भेटतात. रमाबाईंना भेटलेला गलबला आपल्याकडेही आहे. पण उस्तादाचे काम शागिर्दाला किताबापर्यंत नेणे हे आहे. प्रश्न विचारणाऱ्या मुलीला दारातून परत पाठवणे हे नाही. मी त्या संध्याकाळी उस्तादही नव्हतो. नुसता द्वारपाल झालो होतो.

ईदनंतर मी पुन्हा कासुर्डीला गेलो. भाचीला बोलावले आणि ओट्यावर, त्याच माणसांसमोर सांगितले, “तू विचारलेलं बरोबर होतं. मी टाळलं, ते चुकलं.” मग इब्न अब्बासांची रिवायत वाचून दाखवली, आणि ती न मानणाऱ्या इमामांची बाजूही सांगितली. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, “मामू, म्हणजे मला आता अरबी शिकावं लागणार.” आपा आतून म्हणाली, “शीक की. कोण अडवतंय?”

सध्या ती आठवड्यातून तीन दिवस अरबी शिकते. माझ्याहून लवकर पुढे जाईल, असे दिसते.